नारळ फोडण्याआधीचे चार शब्द

आबा, तू गेलास त्या सकाळी मी तुझ्यापासून दहा पावलांवर होतो आणि तुझ्यावर संशय घेत होतो.

हे आधीच सांगून टाकतो, पुढे सांगायचा धीर होणार नाही. सकाळचे आठ वाजले असतील. आपल्या दोन घरांमधल्या गडग्याला पाठ लावून तू तुझ्या बाजूला बसला होतास. दगडांच्या वर मला फक्त तुझी टोपी दिसत होती. मी पडवीत चहा पीत होतो, सुमन मुलाच्या फोनचं काहीतरी सांगत होती, आणि मी तिला खूण केली, हळू बोल, पलीकडे कान लागलेत. पाच मिनिटं गेली. टोपी हलेना. दहा गेली. शेवटी मी मुद्दाम मोठ्याने म्हणालो, "ऐका हो, सगळं ऐकून घ्या, काही राहायला नको!" तरी टोपी जागची हलली नाही. मनात म्हटलं, काय निगरगट्ट माणूस आहे. मग वहिनींनी तुला चहाला हाक मारली, एकदा, दोनदा, आणि तिसऱ्या हाकेला त्यांचा आवाज फाटला. मी गडग्यावर चढून पलीकडे उतरलो, या गुडघ्यांनी. डॉक्टर आला तो म्हणाला, तास तरी झाला असेल. म्हणजे मी ज्याला टोमणे मारत होतो तो ऐकायला तिथे नव्हताच.

तरीही सांगतो, तुझा हात हातात घेतला तेव्हा पहिला विचार आला तो हाच, की हा नाटक तर करत नाही ना.

वाडीला माझा स्वभाव माहीत आहे. तुला तर सगळ्यात जास्त. लोट्याच्या केमिकल कंपनीत तीस वर्षं ऑपरेटर म्हणून काढली. तिथे संशय घेण्याचाच पगार मिळायचा. दाबाचा काटा बरोबर जागी दिसला तरी काचेवर टिचकी मारून बघायची, काटा अडकला असला तर हलतो. वास आला की संशय, वास येईनासा झाला की दुप्पट संशय. पाळी संपून कंपनीच्या बसमधून फाट्यावर उतरलो की ती सवय काही बसमध्ये राहायची नाही, माझ्याबरोबर घरी यायची. तू म्हणायचास, "इलास, तू बायकोच्या हातचा च्या पण टिचकी मारून पितंस." वाडीभर ते झालं. सुमनला अजून कुणी ना कुणी विचारतं, आज टिचकी मारली का म्हणून.

पण माझा तुझ्यावरचा मोठा संशय तुला माहीत होता की नाही, हे मला अजून कळलेलं नाही. तोच विचारायचा राहून गेला. शिमग्याला पालखी सहाणेवर, देवळापुढच्या चौथऱ्यावर, बसली की गावाच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालायचा मान तुझ्या घराचा. हातात नारळ धरून तू उभा राहायचास आणि तुझा तो खणखणीत आवाज निघायचा. "बा देवा महाराजा, आज समस्त गाव तुझ्या पायाशी गोळा झाला हाय महाराजा." आम्ही सगळे, "होय महाराजा!" मग शेतभात, गुरंढोरं, म्हातारीकोतारी, आणि मग आपल्या गावाची ती रीत, पोटासाठी परमुलखात गेलेल्या लेकरांची घरटी नावं. मुंबईचा अमका, पुण्याचा तमका, दुबईचा फलाणा. कागद नाही, चिठ्ठी नाही, सगळी नावं तुझ्या तोंडात. कुणाच्या घरी नवी सून आली, कुणाचा पोरगा बोटीवर लागला, सगळं बरोबर यायचं. आई-बापं आपल्या पोराचं नाव यायची वाट बघत उभी असायची. नाव आलं की पदर डोळ्याला.

हे सगळं मोठ्याने. पण नऊ वर्षांपूर्वीच्या शिमग्यापासून तू एक नवीन प्रकार सुरू केलास. गाऱ्हाणं संपलं, शेवटचा "होय महाराजा" झाला, की नारळ फोडण्याआधी तू वाकायचास, पालखीच्या दांड्याशी तोंड न्यायचास आणि काहीतरी पुटपुटायचास. फार नाही, चारेक शब्द. मी पाचव्या पावलावर उभा असायचो. तुझे ओठ हलताना मला दिसायचे. आणि त्यानंतर, आबा, तू मान वर करून हमखास माझ्याकडे बघायचास.

आता मला सांग, माणसाने काय समजायचं?

त्याच्या आधीच्या पावसाळ्यात आपल्यामधला गडगा कोसळला होता. तो तूच परत रचलास. वाडीतले निम्मे गडगे तुझ्या हातचे. ना चुना, ना सिमेंट, नुसता जांभा दगड एकावर एक बसवायचा आणि खाली पाण्याला वाट ठेवायची, यात तुझा हात धरणारा कुणी नव्हता. पण रचून झाल्यावर मला वाटलं, गडगा माझ्या बाजूला हातभर सरकलाय. मी दोरी आणली, मोजलं. तू तुझ्या बाजूने बघत होतास, हसत होतास. "मोज, मोज," म्हणालास. "तुजाच हात लाव मोजायला. माजा हात लांब हाय, परत माज्यावर यायचं." मला हसू आलं नाही. हातभर जमीन गेली ती गेली, वर चेष्टा. त्यानंतर आपण बोलायचो, नाही असं नाही, पण माझ्या बाजूने तरी ते दाताखाली खडा ठेवून बोलणं होतं. आणि लगेच पुढच्या शिमग्याला तू देवाच्या कानाशी लागलास.

बाहेरच्या माणसाला हे हसण्यासारखं वाटेल. आपल्याकडच्या माणसाला वाटणार नाही. कोर्टात दावा लागला तर तारीख तरी पडते. देवाकडे कुणी आपल्यावर गाऱ्हाणं घातलं तर नोटीसही येत नाही, एकदम निकाल. त्या शिमग्यानंतरच्या पावसाळ्यात माझी गाभण गाय पऱ्याच्या पाण्यात घसरून मेली. विहिरीला गढूळ पाणी आलं. आणि बांधावरचा फणस, जो इतकी वर्षं तुझ्या घराकडे कललेला होता, तो वाऱ्याने पडला तो उलटा वळून माझ्या गोठ्यावर. तुझ्याकडे कललेला फणस, आबा! तू कुऱ्हाड घेऊन धावत आलास, दोन दिवस राबून माझा गोठा मोकळा करून दिलास. मी मनात म्हटलं, करणाराच निस्तरायला आलाय.

आता जे सांगतो ते सुमनलाही ठाऊक नाही.

त्या श्रावणात मी वेळणेश्वराला गेलो होतो. घरी सांगितलं, कंपनीतल्या जोडीदाराच्या वडिलांना बघायला जातो. महादेवासमोर नारळ ठेवला आणि तुझ्यावर उलट गाऱ्हाणं घातलं. पण तिथेही मी ऑपरेटरच. तुझं वाईट कर, असं काही मी म्हणालो नाही. उद्या तू निर्दोष निघालास तर पाप माझ्या डोक्यावर नको. गाडीत बसून शब्द जुळवत गेलो होतो. म्हणालो, "आमच्या आबाने देवाकडे जे काय मागितलं असेल, ते माझ्या घरात येऊ देऊ नको. ते त्याच्याच घरात जाऊ दे." कुठूनही पकडीत सापडणार नाही असं वाक्य होतं. खूश होऊन परत आलो.

दिवाळीच्या आधी तू माडावरून पडलास.

पाय मोडला. दोन महिने तू अंथरुणावर, आणि मी रोज तुझ्या उशाशी. वाडी म्हणायला लागली, बघा, इलास बोलतो तिरका पण भावकीला जागतो. सुमन तुझ्यासाठी पेज करून द्यायची, मी ती घेऊन यायचो. मला तुझ्याकडून काढून घ्यायचं होतं, तू काय मागितलं होतंस ते. माझा पाय मोडावा असं तू देवाकडे मागितलं होतंस का? ते इथे वळलं का? की हा माझ्याच नारळाचा प्रताप? मी गोल गोल फिरवून विचारायचो, "देवावर भरवसा आहे ना रे तुझा?" आणि तू म्हणायचास, "देवाचा काय संबंध? झावळी वली व्हती." एकदा तू माझा हात धरलास आणि म्हणालास, "रोज येतंस रे. कदी वाटलं नव्हतं." मला तो हात काढून घ्यायचा होता. घेतला नाही. तुझा पाय मग आखूडच राहिला, आणि तू लंगडत निघालास की मी दुसरीकडे बघायचो. माफी मागायची असं कितीदा ठरवलं. पण माफी मागायची तर आधी गुन्हा कबूल करायला हवा, आणि तुझा गुन्हा अजून सिद्ध व्हायचा होता.

तू गेल्यावर माणसं आली. मी तुझ्या पडवीत खुर्ची टाकून बसलो आणि भाऊबंद या नात्याने येणाऱ्याची चौकशी केली. खरं सांगायचं तर तपास केला. एवढी माणसं कशी? तू सरपंच नव्हतास, मास्तर नव्हतास, गडगे रचणारा माणूस. दाभोळहून एक मासेवाली आली होती, पाटी न घेता. मी विचारलं, तुमचा काय संबंध? म्हणाली, "पाटी उतरवायला हात लावायचे. बाकीची मान्सं भाव इचारतात आनि मंग हात लावतात. हे आदी हात लावायचे." बागेतला नेपाळी राखणदार आला, तो नुसता उभा राहिला. त्याला म्हटलं, काय रे? म्हणाला, वाडीत सगळे मला गुरखा म्हणतात, आबा मला माझ्या नावाने बोलवायचा. मी त्याला त्याचं नाव विचारलं नाही. आता लाज वाटते, तेव्हा मी फक्त बघत होतो की याचा काही डाव आहे का.

सातव्या का आठव्या दिवशी सुमन मला म्हणाली, "तुमच्या एक कधी ध्यानात आलं का हो?" तुझ्या अंगणात गाडीभर जांभा येऊन पडलेला असायचा आणि तू तो घडवायचास, आवाज माझ्या उशापर्यंत. पण माझी तिसरी पाळी असली की भावोजी दुपारपर्यंत हातोडा हातात घेत नसत, असं ती म्हणाली. सकाळी कंपनीची बस फाट्यावर थांबली, मी उतरताना दिसलो, की तू हातोडा बाजूला ठेवायचास आणि दुसरं काहीतरी काम काढायचास. वीस वर्षं. आबा, माझ्या ते ध्यानात आलं होतं! मला वाटायचं, मी झोपलो की हा गप्प का होतो? नक्की काहीतरी गुपचूप चालतं. मी एकदा झोपेचं सोंग घेऊन खिडकीतून बघितलंही होतं. तू चिंचेखाली बसून दोरी वळत होतास. मी तेव्हा ठरवलं, की मी बघतोय हे तुला कळलं असणार.

सुमनला मी म्हटलं, मला आधी का नाही सांगितलंस? ती म्हणाली, "सांगितलं असतं तर तुम्ही त्यातही काही शोधलं असतं." आणि आत निघून गेली.

आता आणखी एकीविषयी लिहायला हवं. तिसऱ्या दिवशी तुझ्या अंगणात एक बाई उतरली, हातात बॅग, आणि पायरीवरच बसून रडायला लागली, "काका, काका" करून. मी तिला पाठीमागून ओळखली. माझी मुलगी. नऊ वर्षांनी. दुसऱ्या जातीतल्या पोराशी तिनं लग्न केलं, चिपळूणला शिकत असताना जमलेलं, आणि मी दार लावून घेतलं. पोरावरही माझा संशय होता, की याला काय हवंय. त्याला काहीच नको होतं हे पुढे कळलं, पण तोवर मी बरंच बोलून बसलो होतो. ते दोघं पनवेलला असतात. मुलगी आहे त्यांना सहा वर्षांची. मी बघितलेली नाही. तू बघितली होतीस, हे मला त्या दिवशी कळलं.

मी सुमनला विचारलं, हिला कुणी कळवलं? "मी." तुझ्याकडे नंबर कुठून? "भावोजींच्या फोनवरून बोलत होते ना मी. दर रविवारी." म्हणजे आबा, ज्या गडग्यावरून तू माझी हातभर जमीन नेलीस म्हणून मी नऊ वर्षं जागा होतो, त्याच गडग्यावरून माझी बायको दर रविवारी तुझ्याकडे ये-जा करत होती आणि मला पत्ता नाही. मोठा आलो संशयी. मला तुझा इतका राग आला, की तू उठून बसावास आणि मी तुला चार शब्द सुनवावेत असं वाटलं.

ती तुझ्याच घरी राहिली. मी माझ्या पडवीतून बघायचो. वहिनींना दोन घास भरवायची, त्यांच्या डोक्याला तेल लावायची, आल्यागेल्याला पाणी द्यायची. माझ्याशी एक शब्द नाही. माझाही नाही.

तुझं बारावं झालं आणि गावकर मंडळी माझ्याकडे आली. तुझ्यामागे मूलबाळ नाही, मानाप्रमाणे पुढचं घर माझं, तेव्हा यापुढे गाऱ्हाणं इलासने घालावं. मी म्हटलं विचार करतो. विचार काय करणार होतो, माझ्या मनात एकच गोष्ट आली. आता मला ते चार शब्द विचारायचा हक्क आला. गाऱ्हाणं घालायचं तर पुरं घालायला हवं, मधलं काही गाळून चालत नाही. सबब पक्की होती. मी सरळ वहिनींकडे गेलो.

"वहिनी, आबा नारळ फोडण्याच्या आधी काहीतरी हळू म्हणायचा. काय म्हणायचा?"

वहिनींनी माझ्याकडे बघितलं. "तुमाला ठाव नाय, भावोजी?"

"मला कसं असणार?"

"मना पन नाय सांगलान कदी. तुमच्या लेकीला इचारा. तिला म्हाईत हाय."

आबा, नऊ वर्षांनी मी पोटच्या पोरीशी पहिला शब्द बोललो तो उलटतपासणीचा. ती घरामागच्या परड्यात कपडे वाळत घालत होती. मी माझ्या बाजूने गडग्याशी गेलो आणि म्हणालो, "काय गो, जरा ऐक." ती वळली. डोळे बारीक करून माझ्याकडे बघायला लागली. ते डोळे बारीक करणं माझं आहे. घर सोडून गेली, माझं नाव टाकलं, पण ते तेवढं घेऊन गेली. मला एकदम भीती वाटली, की मी मेल्यावर माझ्यामागे उरणार आहे ते एवढंच.

"आबा देवाच्या कानात काय सांगायचा?"

"का? तुम्हाला कशाला हवंय?"

"गाऱ्हाणं मला घालायचंय आता."

ती ओला टॉवेल हातात धरून उभी राहिली. मग म्हणाली, "शिमग्याला पालखी सहाणेवरून उठली की मला काकांचा फोन यायचा. जास्त नाही बोलायचे. 'सांगितलं गो तुजं नाव,' म्हणायचे, आणि ठेवायचे. पहिल्या वर्षी मी विचारलं, म्हणजे काय? तर म्हणाले, 'तुज्या बापसानं मोठ्यानं घ्यायला बंदी केलीय. मी शब्द दिलाय. पन हळू घ्यायचं नाय आसं काय तो बोल्ला नाय.'"

तिनं पुढे सांगितलं. "'इलासची लेक', मग माझं नाव, मग 'सांभाळ'. चार शब्द. आणि नंतर काका तुमच्याकडे बघायचे. मला सांगायचे, 'तुजा बापूस आज पन रागानं बगत व्हता. पुडच्या वर्षी इरघळंल.'"

बंदी मीच घातली होती. नऊ वर्षांपूर्वी, शिमग्याच्या गावबैठकीच्या आदल्या दिवशी तुझ्याकडे येऊन म्हणालो होतो, माझ्या घराची दोनच नावं घ्यायची, मुलाचं आणि सुनेचं. तिसरं घेतलंस तर मी सहाणेवर पाय ठेवणार नाही. तू काम थांबवून माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालास, "बरं." एवढंच. आणि त्याच शिमग्याला तू पुटपुटायला लागलास. इकडचा व्हॉल्व्ह बंद केला की कुठल्या पाइपात दाब वाढतो, हे तीस वर्षं पाठ असलेला माणूस मी. हे दोन मला जोडता आले नाहीत. हातभर गडगा दिसला, पोटची पोर दिसली नाही.

तुझा राग अजून गेलेला नाही. एकदा तरी तोंडावर बोलायचं होतंस. माझी मानगूट धरायची होतीस. मी भांडलो असतो, पण ऐकलं असतं. कदाचित नसतं ऐकलं. तू दर वर्षी पुढच्या वर्षावर ढकलत राहिलास, आणि पुढचं वर्ष काय तुझ्या खिशात होतं? भला माणूस म्हणून सगळे तुला नावाजतात. मी म्हणतो, तुझा भलेपणा फार धीमा होता. तरी तुझ्या जागी मी असतो तर एकदाही वाकलो नसतो, हेही मला माहीत आहे. त्यासाठी तुझे पाय धरायला हवे होते, त्यातल्या आखूड पायासकट.

आणि मग मला वेळणेश्वर आठवलं. मी तिथेच गडग्यावर बसलो. पोरीला वाटलं मला चक्कर आली.

आबाने जे मागितलं असेल ते माझ्या घरात येऊ देऊ नको, ते त्याच्याच घरात जाऊ दे. किती जपून जुळवलेलं वाक्य! तू मागितलं होतंस, इलासची लेक सांभाळ. आणि महादेवाने माझा शब्द पाळला. माझी लेक तुझ्या घरी आली. तुझ्यासाठी रडली. माझी नात तुझ्या मांडीवर खेळली. सांभाळलेली, सुखरूप, सगळं काही तू मागितलं तसं, फक्त गडग्याच्या पलीकडे. तुझा पाय मी मोडला नव्हता, आबा, झावळी ओलीच असणार. मी मोडलं ते माझंच घर, आणि त्यासाठी नारळ वाढवून आलो होतो.

हे सगळं मी तिला सांगितलं. तिथंच, गडग्यावर बसून. वेळणेश्वरासकट. का सांगितलं कुणास ठाऊक, कदाचित तुला सांगायचं राहिलं म्हणून. ती रडेल असं मला वाटलं होतं. ती रडली नाही. उलट तिचे डोळे अजून बारीक झाले.

"आता हे मला का सांगताय?"

म्हटलं, "पुढच्या शिमग्याला मी उभा राहणार. तुझं नाव मी मोठ्याने घेईन. सगळ्या गावासमोर, देवासमोर."

ती हसली, पण बरं नाही हसली. "देवाला कशाला सांगताय, बाबा? देवाला माहितीये माझं नाव. नऊ वर्षं काकांनी सांगितलंय." टॉवेल दोरीवर टाकला, झटकून सरळ केला. "मी आल्यापासून तुम्ही मला एकदा तरी नावानं हाक मारलीत का?"

मी तोंड उघडलं. आबा, तुला खोटं वाटेल, पण आलं नाही. इतकी वर्षं ते नाव मी मनातल्या मनातही घेतलं नव्हतं, घरात कुणी घेतलं तर उठून जायचो. "काय गो", "अगो", "ती", "पोर", यावरच चाललं होतं. ती बादली उचलून आत गेली.

ती परवा दुपारची गोष्ट. काल दिवसभर मी तुझ्या अंगणाकडे चार वेळा आलो आणि काहीतरी कामाचं विचारून परत गेलो. विळा आहे का, कौलं कुणी शाकारायची, असलं काहीबाही. ती समोर असली की वहिनींशी बोलायचो. सुमन म्हणाली, "काटा अडकलाय, टिचकी मारून बघा." माझी बायको असं बोलेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

आज सकाळी ती निघाली. फाट्यावर साडेदहाची गाडी. तिनं वहिनींच्या पाया पडून घेतलं, सुमन गडगा ओलांडून तिकडे गेली, तिघी बायका अंगणाच्या बेड्यापाशी, फाटकाशी, उभ्या राहून बोलल्या. ती सुमनच्या गळ्यात पडली. माझ्या पडवीकडे तिनं एकदाही बघितलं नाही. मग बॅग खांद्याला लावली आणि पाखाडीच्या दगडी पायऱ्या चढायला लागली. मला दिसत होतं, वळणावरच्या काजूपर्यंत पोचली की ती दिसेनाशी होणार. मनात पहिला विचार आला तो नेहमीचाच, की आता हाक मारली आणि तिनं मागे बघितलं नाही तर? वाडीसमोर शोभा होईल. ती मुद्दाम तर हळू चालत नाही ना, माझी परीक्षा बघायला?

आबा, मी तुझ्याइतका खणखणीत नाही. घसा बसलेला, त्यात सुतकात बारा दिवस कुणाशी धड बोललेलो नाही. मी अंगणाच्या कडेला गेलो, गडग्यावर हात टेकला, आणि ओरडलो.

"मनीषा!"

वाडीतली दोन-चार माणसं दारात आली. सुमनने तोंडावर पदर धरला. वर पाखाडीवर ती थांबली.

"ओ," म्हणाली.